वासाची साक्ष

छत्रपती संभाजीनगर
७ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय संघपाल,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता ऑफिसातल्या प्रिंटरवर काढून चिकटवला आहे. एवढी लबाडी माफ कर. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि आईच्या फोनवरून बोलावं तर आई शेजारीच बसलेली असते. जे सांगायचं आहे ते अजून तरी तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच. भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. आपलं भांडण एकाच गोष्टीवरचं होतं, बाबा पीत होते की नव्हते. त्याच गोष्टीबद्दल मला काही नवीन कळलं आहे.

घरचं म्हणशील तर ठीक आहे. पाणी आता आठव्या दिवशी येतं, कधी दहाव्या. आईने टाकी, पिंप, तीन कळशा आणि तुझी जुनी आंघोळीची बादली एवढा सरंजाम मांडला आहे आणि त्यातल्या कशालाही हात लावायची मला परवानगी नाही. गुडघा दुखतो, पण शेजारच्या द्वारकाबाईंबरोबर संध्याकाळचा फेरा चुकवत नाही. तू रोज फोन करतोस त्याचा तिला अभिमान आहे. फोन ठेवला की तू काय जेवलास ते मला सविस्तर सांगते. तू आणि मी बोलत नाही हे तिला माहीत आहे, पण ती त्याबद्दल काही विचारत नाही. हैदराबादला भाज्या महाग आहेत एवढी माहिती मात्र मला तिच्यामुळे मिळत असते.

आता माझ्या नोकरीतली गोष्ट. आमच्या दवाखान्याच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये मार्चपासून निशा मॅडमचं संशोधन चालू आहे. त्या लिव्हरच्या डॉक्टर, माझ्याहून चार वर्षांनी लहान, बोलायला कडक. मागच्या आठ वर्षांचे लिव्हरच्या पेशंटचे केसपेपर काढायचे आणि प्रत्येकावरून एक फॉर्म भरायचा, हे काम त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यांना शोधायचं होतं ते असं. आपल्या पोटात अमोनिया तयार होतो आणि लिव्हर तो साफ करतं. लिव्हर कमजोर असेल तर तो रक्तात साठतो आणि डोक्यात जातो. मग माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, जीभ जड होते, हात थरथरतात, रोजचा रस्ता चुकतो. आता फिट येऊ नये म्हणून देतात त्यातल्या काही गोळ्यांनीही हा अमोनिया वाढू शकतो. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण ज्याचं लिव्हर आधीच थकलेलं आहे त्याने ती गोळी घेतली तर असं भ्रमिष्ट होण्याचं प्रमाण वाढतं का, हा मॅडमचा प्रश्न. मी त्यांना विचारलं होतं की मग ती गोळी वाईटच म्हणायची का. त्या म्हणाल्या, अजिबात नाही, हजारो लोक त्या गोळीवर उभे आहेत आणि मनाने बंद केली तर फिट येऊन जीव जाईल. कुणाला द्यायची एवढाच प्रश्न आहे.

चारशेबारा पेपर निघाले. मॅडमचा एक नियम होता. ज्या पेपरवर ‘दारू: होय’ असेल तो वेगळ्या गठ्ठ्यात, कारण दारूनेही हेच सगळं होतं आणि मग गोळीचा दोष किती ते कळत नाही. जूनमधल्या एका बुधवारी मी एक पेपर उघडला. साहेबराव भिवाजी, वय चौसष्ट, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त. लिव्हर आक्रसलेलं, फिटची गोळी आठ महिने चालू, अमोनिया वाढलेला, दारू: होय. मी तो नियमाप्रमाणे वेगळ्या गठ्ठ्यात ठेवला आणि पुढचा उघडला. त्या दिवशी मी आणखी अकरा पेपर केले. हे तुला मुद्दाम सांगते, कारण ताईला दगडाचं काळीज आहे असं तू स्मशानातून परतताना म्हणाला होतास आणि मी ते ऐकलं होतं.

मला सगळं पहिल्यापासून मांडू दे, कारण तू तिकडे होतास आणि तुला ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाबांच्या लिव्हरचं आपल्याला रक्तदानामुळे कळलं होतं, ते तुला आठवत असेल. जयंतीच्या शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि रक्तपेढीतून चिठ्ठी आली की तुमच्या रक्तात ब प्रकारची कावीळ आहे, यापुढे देऊ नका. तेव्हापासून बाबा ती फाईल कपाटात सगळ्यात खाली ठेवायचे. माणसाला लिव्हरचा आजार आहे म्हटलं की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग खिशाकडे. ज्याने सव्वीस वर्षं विहारात उभं राहून पंचशील दिलं, वस्तीतल्या निम्म्या माणसांच्या बाटल्या सोडवल्या, त्याचंच लिव्हर गेलं हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं त्यांना. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यांना पहिल्यांदा फिट आली. नव्या डॉक्टरकडे निघताना मी ती फाईल पिशवीत घातली होती. बाबांनी काढून ठेवली. “ती कशाला? डोक्याचं दुखणं हाय, डोक्याचंच दाखव.” मी हट्ट धरला नाही. डॉक्टरांनी दुसरा काही आजार आहे का म्हणून विचारलं आणि आम्ही दोघांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी गोळी लिहून दिली. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

गोळ्या देण्याचं काम माझं. तुला माहीत आहे माझा काटेकोरपणा. सात खणांची डबी आणली, दर रविवारी भरली, एक गोळी चुकू दिली नाही. जूनपासून बाबा बदलले. दुपारी जेवता जेवता डोळे मिटायचे. “लई झोप येती, बाई,” म्हणायचे आणि हातातला घास तसाच. सही करताना हात उडायचा. एकदा भाजी आणायला गेले ते एसटीत बसून फुलंब्रीला उतरले. स्टँडवर तासभर बसून राहिले, कशाला आलो ते आठवेना. एका कंडक्टरने वर्कशॉपमधले साहेबराव म्हणून ओळखलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. वस्तीत कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. मी तेव्हा कुणाचं ऐकून घेत नव्हते.

चौदा ऑक्टोबरला विहार भरलेला होता. बाबा पांढरे कपडे करून पुढे उभे राहिले. चार शीलं दिली. पाचवं दारूचं. तिथे ते अडकले. दोनदा सुरुवात केली, जीभ वळेना, मग खांबाला धरून खाली बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. मागून कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. आई उठून बाहेर गेली. पुढच्या रविवारी मंडळाची दोन पोरं येऊन विहाराची चावी मागून घेऊन गेली. बाबांनी ती खिळ्यावरून काढून दिली आणि त्यांना चहा घेऊन जा म्हणाले. पोरं थांबली नाहीत.

त्या रात्रीपासून ते माझ्यासमोर येऊन उभे राहायला लागले. रोज, जेवणाआधी. “बाई, वास घे माझ्या तोंडाचा. म्या थेंबबी घेतला नाय.” आणि तोंड उघडून श्वास सोडायचे, लहान मुलगा दात घासलेले दाखवतो ना, तसे. पहिल्या दिवशी मी वास घेतला आणि मला खरोखरच वास आला. गोडसर, कुबट, ओल लागलेल्या कडब्याला येतो तसा. त्यानंतर मी रोज तोंड फिरवायची. आईने त्यांचं ताट वेगळं केलं आणि बुद्धमूर्तीसमोरची मेणबत्ती लावायची त्यांना मनाई केली. तुला फोन करून मी सांगितलं की बाबा घ्यायला लागलेत, मी स्वतः वास घेतलाय. तू म्हणालास शक्य नाही. मी म्हणाले, तू हैदराबादेत बसून कसला शक्य नाही म्हणतोस, नाक माझं आहे. त्यावरून आपलं जे झालं ते झालं.

आता निशा मॅडमच्या फॉर्मकडे येते. त्यात एक रकाना आहे, ‘श्वासाला विशिष्ट वास: होय / नाही’. तीनशे फॉर्म भरेपर्यंत मी तो मुकाट भरत होते. बाबांचा पेपर सापडल्यावर तिसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं की हा वास म्हणजे नेमका कसला. त्या कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाल्या, गोडसर, कुबट असतो, लिव्हर काम सोडायला लागलं की येतो, एकदा घेतला की माणूस विसरत नाही. मी बरं म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. मग माझ्या लक्षात आलं की मला दारूचा वास कसा असतो ते माहीतच नाही.

हसू नकोस. आठवून बघ. आपल्या घरात कधी आली नाही, बाबांकडे येणाऱ्यात कुणी पिऊन यायची हिंमत केली नाही. बसमध्ये कुणी झोकांड्या देत चढला की आपण ओढणी नाकाला लावून दहा हात लांब. बाबांनीच शिकवलेलं. दारू गुळाची असते, मोहाची असते एवढं ऐकून होते, म्हणून गोडसर वास आला तो दारूचाच, असा मी हिशेब केला. एक्केचाळीस वर्षांची बाई, दवाखान्यात नोकरी करणारी, आणि जी गोष्ट आयुष्यात कधी हुंगली नाही तिची ओळख पटवून मोकळी झाले.

आमच्या सेक्शनला मालनबाई अटेंडंट आहेत. त्यांचा नवरा पितो, हे त्या लपवत नाहीत. मी त्यांना सांगितलं की मला दारू आणून दाखवा, फक्त वास घ्यायचाय. त्या म्हणाल्या, “मॅडम, तुम्हाला वास ठाव नाय? लई नशीबवान हाव तुम्ही.” दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीतून दोन बाटल्या आणल्या, एकीत देशी, एकीत इंग्लिश, तळाशी बोटभर. दोन रॅकच्या मधे उभं राहून मी बूच काढून हुंगलं. दोन्हींचा वास नाकात झोंबला, इंजेक्शनच्या आधी कापसाने पुसतात त्या स्पिरिटच्या जवळचा. मालनबाई म्हणाल्या, पोटात गेल्यावर आणखी घाण येतो, आंबट, मी रोज रात्री तो वास सोसते. पण तो बाबांचा वास नव्हता. जवळपाससुद्धा नव्हता. मी त्यांना बाटल्या परत दिल्या, हात धुतले आणि रॅकच्या मागे बसून रडले. किती वेळ ते माहीत नाही. मालनबाईंनी दार लावून घेतलं आणि बाहेर कुणाला तरी मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं.

मग मी बाबांचा पेपर पुन्हा काढला आणि कामाच्या पद्धतीने वाचला. दुसऱ्यांदा ॲडमिट होऊन जानेवारीत ते घरी आले, त्या डिस्चार्जच्या कागदावर फिटची गोळी लिहायची राहून गेली होती आणि घरातली पाकिटं संपली होती. नऊ दिवस गोळी नव्हती. ते नऊ दिवस तुलाही आठवत असतील, आईने तुला फोनवर कौतुकाने सांगितले होते. बाबा सकाळी सहाला उठले, पेपर वाचला, द्वारकाबाईंचा मिक्सर उघडून दुरुस्त करून दिला. आई म्हणाली, “लाज वाटली म्हनून सोडली वाटतं.” दवाखान्याच्या धावपळीत त्या रविवारी डबी भरायची राहिली होती, ते दहाव्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. मी कामावरून येताना क्रांती चौकात उतरले, जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या घेतल्या आणि डबी भरली. चौथ्या दिवशी ते पुन्हा पेंगायला लागले. फेब्रुवारीत गेले.

हे सगळं मी निशा मॅडमसमोर ठेवलं. त्यांनी पाणी दिलं, पण खोटा दिलासा दिला नाही, ते मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या की लिव्हर मुळातच खराब होतं, नऊ दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, आणि माझ्या अभ्यासातही फक्त संबंध दिसेल. गोळीमुळे गेले असं मी लिहून देणार नाही. मग म्हणाल्या, पण दारू घेत होते असं ज्याच्या सांगण्यावरून लिहिलं, त्याच्याकडे काय आधार होता हे विचारता येईल. केसपेपरवरचा शब्द खोडता येत नाही, ते आमच्याकडे चालतच नाही. ज्याने माहिती दिली त्याने लेखी जबाब द्यायचा की मी पाहिलं नव्हतं, आणि घरातल्या आणखी एका सज्ञान माणसाने त्याला दुजोरा द्यायचा. दोन्ही कागद पेपरला जोडले की बाबांचा पेपर त्या वेगळ्या गठ्ठ्यातून बाहेर येतो. एक पेपर कमी-जास्त झाल्याने मॅडमच्या आकड्यात काही मोठा फरक पडणार नाही, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आहे.

आईबद्दल सांगते. तिने बाबांना माफ केलंय. वस्तीत कुणी विषय काढला तर म्हणते, “व्हय, म्हाताऱ्याला शेवटी मोह पडला, मानूसच हाय.” त्या माफीवर ती आज उभी आहे. तिला खरं सांगितलं तर तिला वेगळं वाढलेलं ताट आठवेल, मेणबत्ती आठवेल. तीन महिने मी रोज संध्याकाळी ठरवते आणि रोज पाण्याच्या पिंपाबद्दल काहीतरी बोलून आत जाते.

आता नोव्हेंबरात बाबांना पहिल्यांदा ॲडमिट केलं तो दिवस, जो तुला कुणी सांगितलेला नाही, कारण तिथे आम्ही दोघंच होतो. कॅज्युअल्टीत डॉक्टरने आधी बाबांनाच विचारलं, दारू घेता का. जीभ जड होती, पण त्यांनी “नाय” म्हटलेलं स्पष्ट कळत होतं. एकदा म्हणाले, पुन्हा म्हणाले. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, सहा महिन्यांपासून. पेपरवर लिहिलंय, ‘माहिती देणार: मुलगी’, आणि खाली माझी सही आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हापासून मरेपर्यंत त्यांनी कुणापुढेच पुन्हा “नाय” म्हटलं नाही. तू फोनवर त्यांना विचारलंस तेव्हा ते गप्प राहिले, आणि तरीही तू म्हणालास की ते हो म्हणाले नाहीत, मला तेवढं पुरे आहे. आम्ही ते गप्प राहणं म्हणजे कबुली समजलो. गुंगीमुळे बोलत नसतील असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण त्या नऊ दिवसांत गुंगी नव्हती. मला चारचौघांत खोटी पाडायची नाही म्हणूनच ते बोलले नाहीत, संघपाल. माझा जबाब मी सोमवारी लिहून दिला आहे. दुसरी सही तुझी हवी आहे, आणि आईला सांगताना तू माझ्या शेजारी हवा आहेस, मला एकटीला ते जमत नाहीये. ये. मला माफ कर असं मी लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. तू म्हणत होतास ते खरं होतं, एवढं माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याजवळ असू दे.

तुझीच,
ताई